आराखडा आणि अनुभव : कामाची पद्धत कशी निवडावी?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली गणित शिकण्याचे भाग्य मला लाभले. उदाहरण सोडवायला घेण्यापूर्वी ते कोणत्या जातीचे आहे हे ओळखा, असा त्यांचा आग्रह असे. रीत पाठ असूनही उत्तर चुकते, कारण ती रीत त्या उदाहरणाची नसते. कारखान्यांत आणि पुढे संगणकाच्या क्षेत्रात अनेक वर्षे काम केल्यावर मला असे दिसून आले की, मोठमोठ्या प्रकल्पांची गणितेही बहुधा याच कारणाने चुकतात. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी हाच विषय निवडला आहे. एखादे काम हाती घेताना त्याचा संपूर्ण आराखडा आधी बांधून मग कामाला लागावे, की थोडे करून, पाहून, शिकून पुढचे पाऊल ठरवावे? व्यवस्थापनशास्त्रात पहिलीला पारंपरिक पद्धत म्हणतात आणि दुसरीला ‘ॲजाइल’, म्हणजे चपळ पद्धत. मी त्यांना आराखड्याची आणि अनुभवाची वाट असे म्हणेन.

या दोन वाटांचा इतिहास थोडक्यात सांगतो. विसाव्या शतकाच्या आरंभी हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्याने कोणते काम केव्हा सुरू होऊन केव्हा संपेल हे आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता प्रचारात आणला. आजही कोणत्याही बांधकामाच्या कचेरीत भिंतीवर तो लावलेला आढळतो. १९५८च्या सुमारास अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी ‘पर्ट’ ही जाळ्याची रीत निघाली. हजारो कामांपैकी कोणते लांबले असता सारा प्रकल्प लांबेल, हे तिने आधीच सांगता येऊ लागले. संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांनीही हाच मार्ग धरला. आधी गरजांची नोंद, मग रचना, मग लेखन, मग तपासणी. पाणी एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर पडावे तसे हे काम खाली उतरते, म्हणून पुढे त्याला धबधब्याची पद्धत असे नाव पडले.

या पद्धतीचा उगम ज्या निबंधात सांगितला जातो, तो विन्स्टन रॉइस यांनी १९७० साली लिहिला. तथापि त्याच निबंधात त्यांनी बजावले होते की, अशी सरळ उतरंड धोक्याची आहे, आणि खरे काम करण्यापूर्वी एकदा छोट्या प्रमाणावर करून पाहावे. वाचकांनी उतरंडीची आकृती घेतली आणि इशारा सोडून दिला. पुढे १९८६ साली ताकेउची आणि नोनाका या जपानी अभ्यासकांनी नवी उत्पादने घडविणाऱ्या गटांची तुलना रग्बीच्या खेळाडूंशी केली. एकाने धावून काठी दुसऱ्याच्या हाती द्यावी असे न करता सारा संघ चेंडू इकडून तिकडे देत एकत्र पुढे सरकतो, असे त्यांचे निरीक्षण होते. २००१च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील युटा राज्यात सतरा जण जमले आणि त्यांनी चपळ पद्धतीचा जाहीरनामा काढला. माणसे, चालते काम, ग्राहकाचा सहभाग आणि बदलाला प्रतिसाद यांना त्यांनी अधिक मोल दिले. परंतु कागदपत्रे, करार आणि आराखडे निरुपयोगी आहेत असे त्यांनी कोठेही म्हटले नाही. त्यांच्या अनुयायांपैकी कित्येकांनी हेही वाक्य वाचायचे सोडून दिले. दोन्ही पंथांचे एवढे बाबतीत साम्य आहे.

आता परदेशातून आपल्या माळव्यात येऊ. धार आणि देवास या दोन्ही पवारांच्या गाद्या. त्यातही देवासला थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात नांदली. या दोन जिल्ह्यांनी आपल्याला या विषयाचे जेवढे धडे दिले आहेत तेवढे क्वचितच एखाद्या पाठ्यपुस्तकात सापडतील.

पहिला धडा पाण्याचा. एकेकाळी देवास हे तलाव-विहिरींचे गाव होते. नलिकाकूप आले तसे तलावांकडे दुर्लक्ष झाले, कारखाने वाढले, वस्ती वाढली आणि भूजल खाली खाली गेले. १९९०च्या उन्हाळ्यात या शहरासाठी रेल्वेगाडीने पाणी आणावे लागले. तहान लागल्यावर विहीर खणण्याची म्हण आपल्याला ठाऊक होती. येथे विहीर खणूनही पाणी लागत नव्हते.

या संकटाला दोन उत्तरे मिळाली. एक मोठ्या आराखड्याचे. नेमावरपाशी नर्मदेचे पाणी उचलून शंभर किलोमीटरहून अधिक लांबीच्या नळाने देवासच्या उद्योगांपर्यंत आणले गेले. नळ किती व्यासाचा, पंप किती शक्तीचे, चढण किती, हे सारे आधी मोजल्याखेरीज असे काम सुरूच करता येत नाही. अर्धा नळ टाकून ‘पाहू या कसे वाटते’ असे म्हणण्याची सोय नाही, कारण अर्ध्या नळातून अर्धे पाणी येत नाही. पुढे नर्मदा-क्षिप्रा जोडणीचे काम झाले, त्यातही हेच दिसते. २०१२च्या नोव्हेंबरमध्ये त्याची पायाभरणी झाली आणि २०१४च्या फेब्रुवारीत पाणी क्षिप्रेत पडले. २०१६चा सिंहस्थ कोणासाठी थांबणार नव्हता. तारीख पक्की, तंत्र माहितीतले, आणि काम पूर्ण झाल्याशिवाय उपयोग शून्य. अशा ठिकाणी आराखड्याची वाट हीच योग्य होय.

दुसरे उत्तर शेतांत मिळाले. २००६ साली देवासचे जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी भगीरथ कृषक अभियान सुरू केले. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा सुमारे दहावा हिस्सा तळ्यासाठी द्यावा आणि पावसाचे पाणी त्यात धरावे, एवढीच कल्पना. आरंभी त्यासाठी सरकारी अनुदान नव्हते. म्हणून ज्यांच्यापाशी जमीन होती, ट्रॅक्टर होते आणि कोरड्या नलिकाकूपांवर ज्यांचे पैसे बुडाले होते, अशा मोठ्या शेतकऱ्यांना प्रथम हाताशी धरले गेले. टोंकखुर्दच्या परिसरात तळी होऊ लागली. त्यांना रेवासागर असे नाव मिळाले आणि ती करणाऱ्याला भगीरथ कृषक. शेजाऱ्याच्या शेतात रब्बीचा गहू-हरभरा उभा राहिलेला पाहून पुढचा शेतकरी तयार झाला. काळ्या मातीत पाणी कसे टिकते, तळे शेताच्या कोणत्या अंगाला घ्यावे, खोली किती ठेवावी, हे एकाचे पाहून दुसरा शिकला. पुढे राज्य सरकारने बलराम ताल योजना आणून अनुदान दिले, म्हणजे धोरण अनुभवाच्या मागून आले. बघता बघता जिल्ह्यात हजारो तळी झाली. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण येथे तळ्यांनाच लागू पडली.

हे काम आधी आराखडा करून झाले असते काय? मला शंका आहे. प्रत्येक शेताचा उतार वेगळा, प्रत्येक शेतकऱ्याची ऐपत वेगळी आणि मुख्य म्हणजे त्याचा विश्वास कागदाने बसणारा नव्हता. एक तळे चुकले तर एकाचे नुकसान होते आणि दहा जण शहाणे होतात. जेथे चूक स्वस्त आणि शिकवण मोठी, तेथे अनुभवाची वाट धरावी.

मात्र या वाटेचीही एक मर्यादा सांगितली पाहिजे. महाराष्ट्रात काही भागांत शेततळ्यांना प्लास्टिकचे अस्तर घालून ती पावसाच्या पाण्याऐवजी विहिरी-नलिकाकूपांतून उपसून भरली जातात. मग ते तळे पाणी साठवीत नाही, भूजल उपसून उन्हात ठेवते. प्रत्येक शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याचे पाऊल बरोबरच असते, पण साऱ्या गावाची बेरीज चुकते. लहान लहान पावलांनी चालणाऱ्याने अधूनमधून टेकडीवर चढून सगळी वाट पाहिली पाहिजे, ती याकरिता.

दुसरा धडा धार जिल्ह्याचा. २०२२च्या ऑगस्टमध्ये कोठीदा गावाजवळ कारम नदीवर बांधल्या जात असलेल्या मातीच्या धरणाला गळती लागली. सुमारे तीनशे चार कोटी रुपयांचा तो प्रकल्प होता. काम अपुरे आणि पोटात पावसाचे पाणी, अशी ती अवस्था. धार आणि खरगोन जिल्ह्यांतील अठरा गावे रिकामी करावी लागली. सैन्याला पाचारण करण्यात आले, आणि अखेर बाजूने चर खोदून पाणी काढून देण्यात आले. सुदैवाने मनुष्यहानी झाली नाही.

या घटनेत मला दोन्ही पद्धतींचे दर्शन घडते. मातीचा भराव थराथराने घालावा लागतो. प्रत्येक थर ठरलेल्या ओलाव्यावर दाबावा लागतो, त्याची घनता तपासून नोंदवावी लागते, आणि मगच वरचा थर घालता येतो. वरून पाहता खालचा थर कच्चा राहिला हे कोणालाही दिसत नाही. अशा कामात मानके, तपासणी, सह्या आणि मोजमाप-पुस्तक यांना पर्याय नाही. ‘पुढच्या फेरीत सुधारू’ हे वाक्य तेथे उच्चारूही नये. याउलट, गळती लागल्यानंतरचे ते चार दिवस पाहा. चर कोठे खोदावा, खडक लागला तर काय करावे, पाणी किती वेगाने सोडावे, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नव्हते. तेथे तासातासाला पाहणे आणि पुढचे ठरवणे एवढाच मार्ग होता. धरण बांधताना आराखडा हवा आणि धरण गळू लागल्यावर चपळता हवी. एकाच जागी, एकाच महिन्यात, उदाहरणाची जात बदलली.

आराखडा दीर्घ काळाचा असेल तर तो म्हातारा होतो, हेही धार जिल्ह्याने पाहिले आहे. नर्मदा जलविवाद न्यायाधिकरणाचा निवाडा १९७९चा. सरदार सरोवराचे धरण पूर्ण उंचीने २०१७ साली राष्ट्राला अर्पण झाले आणि प्रथमच काठोकाठ भरले ते २०१९ साली. मधल्या चाळीस वर्षांत निसरपूर, चिखलदा अशा गावांत दोन पिढ्या वाढल्या, घरे विभागली, पाण्याच्या फुगवट्याच्या रेषा पुन्हा मोजल्या गेल्या. भिंतीचा आराखडा चाळीस वर्षे टिकू शकतो, कारण दगड-सिमेंटचे गुणधर्म बदलत नाहीत. माणसांच्या पुनर्वसनाची यादी चाळीस वर्षे टिकत नाही. एकाच प्रकल्पातील या दोन कामांना एकच पद्धत लावता येत नाही, असा याचा अर्थ मी घेतो.

तिसरा धडा पिथमपूरचा, आणि तो अगदी अलीकडचा. भोपाळच्या १९८४च्या दुर्घटनेनंतर तेथील कारखान्यात पडून राहिलेला सुमारे ३३७ टन विषारी कचरा २०२५च्या जानेवारीत पिथमपूरला आणण्यात आला. तो येथे आणावा की नाही याविषयी धार जिल्ह्यात तीव्र मतभेद झाले, लोक रस्त्यावर आले, आणि त्या भावना समजण्याजोग्या होत्या. त्या वादात मी शिरत नाही, केवळ पद्धतीकडे लक्ष वेधतो. उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली प्रथम प्रत्येकी दहा टनांच्या तीन चाचण्या झाल्या. पहिलीत ताशी १३५ किलो, दुसरीत १८० आणि तिसरीत २७० किलो, असा जाळण्याचा वेग ठेवला होता. उत्सर्जनाची मोजमापे पाहून मगच उरलेला कचरा जाळण्यास घेतला गेला आणि जूनअखेर ते काम संपले. येथे बाहेरची चौकट अत्यंत कडक होती. प्रदूषणाच्या मर्यादा, अहवाल आणि न्यायालयाच्या तारखा साऱ्या ठरलेल्या होत्या. चौकटीच्या आत मात्र लहान पाऊल, मोजणी, मग थोडे मोठे पाऊल असा क्रम होता. धोका मोठा आणि माहिती अपुरी, अशा वेळी दोन्ही पद्धतींची अशी सांगड घालावी लागते.

याच पट्ट्यातील एका कारखान्यातला माझा अनुभव सांगतो. तेथील भांडाराचा हिशेब संगणकावर आणण्यासाठी दीड वर्षाची योजना आखली गेली. बाहेरून आलेल्या मंडळींनी सर्व खात्यांच्या गरजा लिहून घेतल्या, त्याचा जाडजूड ग्रंथ झाला, त्यावर सर्वांच्या सह्या झाल्या. दीड वर्षाने प्रणाली आली, तेव्हा भांडारपाल तिच्यात नोंद करी आणि खरा हिशेब आपल्या वहीत ठेवी. कारण रात्रपाळीत चिठ्ठीवर नेलेला माल, किंवा आलेला पण अजून तपासणीत अडकलेला माल, यांना त्या प्रणालीत जागाच नव्हती. सही करताना हे कोणी लपविले नव्हते. रोजच्या सवयीची गोष्ट सांगावी असे कोणाला सुचत नाही, एवढेच.

दुसऱ्या खेपेस काम निराळ्या रीतीने घेतले. पहिल्या पंधरवड्यात फक्त मालाच्या आवकेची नोंद, तीही भांडारपालाच्या शेजारी बसून. दर पंधरवड्याला चालते काम त्याच्यापुढे ठेवायचे, त्याने दोष काढायचे, आणि पुढच्या पंधरवड्याची यादी त्याच्या अग्रक्रमाने लावायची. चौथ्या महिन्यात त्याने आपणहून वही बंद केली. तथापि हिशेब-खात्याशी जोडणीचा भाग आम्ही जुन्याच पद्धतीने केला. करांचे नियम ठरलेले, ३१ मार्चची तारीख ठरलेली, आणि ताळेबंदात ‘करून पाहू’ला वाव नाही. तेथे प्रत्येक नियम आधी लिहून, तपासून, मगच काम सुरू केले.

चपळतेच्या नावाखाली निव्वळ धरसोड चालते, त्याचेही उदाहरण देवासच्या इतिहासात आहे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचे खाजगी सचिव म्हणून येथे राहिले. ‘द हिल ऑफ देवी’ या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी नव्या राजवाड्याच्या कधीही न संपणाऱ्या बांधकामाचे वर्णन केले आहे. एकीकडे नवे उभे राहत होते आणि दहा वर्षांपूर्वी बांधलेले पडू लागले होते. महाराज मनाने उदार आणि रसिक होते, पण संस्थानाची तिजोरी तो भार सोसू शकली नाही. रोज मन बदलणे ही चपळता नव्हे. चपळ पद्धतीत दर फेरीच्या शेवटी काहीतरी वापरता येण्याजोगे हाती पडावे लागते आणि त्याचा हिशेब द्यावा लागतो. ही शिस्त आराखड्याच्या शिस्तीपेक्षा सोपी नाही, उलट अधिक वारंवार पाळावी लागते.

आपण देवास-धारची मंडळी गाण्यातली आहोत, म्हणून एक दाखला देण्याचा मोह आवरत नाही. कुमार गंधर्व आजारपणात देवासला आले आणि १९९२ साली निधन होईपर्यंत येथेच राहिले. त्यांचे गाणे ज्यांनी ऐकले त्यांना ठाऊक आहे की बंदिश, ताल आणि सम ही पक्की असत, आणि बढत त्या त्या क्षणी घडे. सम चुकवून कोणी स्वतंत्र प्रतिभेचा दावा करीत नाही.

तर मग निवड कशी करावी? बॅरी बोहम आणि रिचर्ड टर्नर या अमेरिकन अभ्यासकांनी २००३ साली पाच कसोट्या मांडल्या. कामाचा आकार, चूक झाल्यास होणारी हानी, गरजा बदलण्याचा वेग, माणसांचे कौशल्य आणि संस्थेची मनोवृत्ती अशा त्या आहेत. माझ्या अनुभवाने मी त्या आपल्या भाषेत चार प्रश्नांच्या रूपाने मांडतो. पहिला प्रश्न, झालेले मोडून पुन्हा करायचे तर किती खर्च येईल? धरणाला फार, तक्त्याला थोडा. दुसरा, आपल्याला काय हवे हे आरंभीच नेमके सांगता येते काय? तिसरा, कामाचा चतुर्थांश झाला तर चतुर्थांश उपयोग होतो काय? तळ्याचा होतो, नळाचा होत नाही. चौथा, ज्याच्यासाठी काम आहे तो माणूस दर पंधरवड्याला आपल्याबरोबर बसणार आहे काय? तो बसणार नसेल तर चपळ पद्धतीचे नाव घेऊ नये. सरकारी निविदेत दर आणि परिमाण आधीच बांधलेले असते. तेथे मध्येच बदल करू म्हणणाऱ्याला लेखापरीक्षक विचारतील, आणि त्यांनी विचारावेच.

हे सारे आपल्या शाळेला कसे लागू पडते, ते सांगून मी थांबतो. आपल्यापुढे आज तीन कामे आहेत. प्रयोगशाळेची नवी इमारत, माजी विद्यार्थ्यांचा शिष्यवृत्ती निधी, आणि हिंदी वातावरणात वाढणाऱ्या आपल्या मुलांसाठी मराठी वाचनाचा वर्ग. इमारतीसाठी नकाशा, अंदाजपत्रक, मंजुरी आणि देखरेख यांत एक पैही वाचवू नका. पायाचे खड्डे दोनदा खणता येत नाहीत. निधीचे नियम लिखित आणि पक्के असू द्या, कारण तेथे विश्वास पणाला लागलेला असतो. पण मराठीच्या वर्गासाठी समिती नेमून तीन वर्षांचा अभ्यासक्रम लिहीत बसू नका. येत्या रविवारी पाच मुले आणि दहा पुस्तके घेऊन बसा. त्यांना काय आवडले, कोठे अडले, आजीला घरी काय वाचून दाखवले, ते विचारा आणि पुढचा रविवार ठरवा. त्या वर्गाचा परिपूर्ण आराखडा तयार होईपर्यंत ही मुले मोठी होतील, आणि घरात ज्यांच्याशी मराठीत बोलायचे ती माणसेही उरणार नाहीत. या एका कामात उशीर हीच न भरून येणारी हानी आहे.